समुद्रातलं थोडं, डोंगरातलं थोडं

निवृत्तीनंतर मेहकरला परतलो तेव्हा सामानात भांड्यांपेक्षा पुस्तकांची खोकी जास्त होती. गेल्या महिन्यात शेजारचे गुरुजी आले. लेकीला ओसाकाला नोकरी लागलेली, आणि ते स्वतः वहिनींना घेऊन व्हिएतनामच्या सहलीला निघालेले. "साहेब, जाण्याआधी काय वाचावं?" त्यांनी विचारलं. बँक सुटली, 'साहेब' काही सुटलं नाही.

लेकीसाठी पहिलं पुस्तक काढलं ते 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागींचं हे पुस्तक १९८१ सालचं. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी ते मराठीत आणलं. आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या तोमोए शाळेत मुलांच्या डब्यात 'समुद्रातलं थोडं, डोंगरातलं थोडं' असावं, असा मुख्याध्यापक कोबायाशींचा आग्रह. आमची ही शिक्षिका होती. मेहकरला समुद्र कुठला? तिनं आपल्या वर्गात नियम केला, 'शेतातलं थोडं, परसातलं थोडं.' परदेशी पुस्तक कसं वाचावं, हे मी तिच्याकडून शिकलो. पण जरा उशिरा.

कारण दुसरं पुस्तक होतं मासानोबू फुकुओकांचं 'एका काडातून क्रांती'. मूळ जपानी पुस्तक १९७५चं. नांगरट नाही, रासायनिक खत नाही, कापणीनंतरचं काड पुन्हा शेतावर पसरायचं. मी भारावून गेलो आणि एका तरुण कर्जदार शेतकऱ्याला ते वाचायला दिलं. त्यानं एकरभर रान तसंच सोडलं. तण माजलं, पीक गेलं. पुस्तक परत करताना तो एवढंच म्हणाला, "पुस्तक खरं असन साहेब, पण त्याच्या गावचा पाऊस आपल्याकडे कुठं हाये?" त्या हंगामाच्या पीककर्जावर सही माझीच होती. पुन्हा पुस्तक उघडलं, तर फुकुओकांनी स्वतःच लिहून ठेवलेलं : आरंभी त्यांनी वडिलांची फळबाग छाटणी न करता सोडून दिली, तेव्हा झाडं वाळून गेली होती. ते पान मी घाईत उलटलं होतं. आता हे पुस्तक देतो, पण त्या पानाला खूण घालूनच.

तिसरं, सोएत्सु यानागी यांचं 'द अननोन क्राफ्ट्समन'. नाव न कोरणाऱ्या कारागिरानं रोजच्या वापरासाठी केलेल्या वाडग्यातलं सौंदर्य ते उलगडून दाखवतात. ते वाचल्यापासून बाजारात माठ घेताना घासाघीस करायला माझी जीभ रेटत नाही.

व्हिएतनाम म्हटलं की आपल्याला फक्त युद्ध आठवतं. मग ते तिथल्याच सैनिकाकडून ऐकावं. बाओ निन्ह यांच्या 'द सॉरो ऑफ वॉर'चा नायक युद्धानंतर जंगलात बेपत्ता साथीदारांचे अवशेष गोळा करत हिंडतो. त्यात विजयाचे नगारे नाहीत. गुरुजींना म्हटलं, होई आनला गेलात तर जवळच मी-सनची चंपा राजांची विटांची शिवमंदिरं पाहा. तिथले शिलालेख संस्कृतातही आहेत. तिथलं सर्वांत मोठं मंदिर मात्र १९६९च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात पडलं.

वहिनींसाठी अँड्रिया न्गुएन यांचं 'इंटू द व्हिएतनामीज किचन' दिलं. १९७५ साली सायगाव सोडताना त्यांच्या आईनं जे मोजकं सामान घेतलं, त्यात पाककृतींची एक वहीही होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यातलं माशाचं पाणी आमच्या घरात चालायचं नाही." म्हटलं, "नका घालू. पण वही वाचा."

ते गेल्यावर मी फडताळातून हिची वही काढली. ही जाऊन चार वर्षं झाली. पिवळ्या पडलेल्या पानांवर हळदीचे डाग, शेवभाजीच्या मसाल्याचं प्रमाण, आणि समासात मुलांच्या आवडीनिवडी. माझ्या सगळ्या खोक्यांतून हे एकच पुस्तक मी आजवर वाचलेलं नव्हतं.