तराजूचा काटा

व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या मुलाला अक्षरांच्या आधी तराजूची ओळख होते. दोन्ही पारडी रिकामी असता काटा मध्यावर उभा राहतो. त्यात त्याचा काही पराक्रम नाही. माल आणि वजने पडल्यावर, भार सोसूनही जो खरे तेच दाखवितो, त्या काट्याचीच बाजारात पत असते. तटस्थतेविषयी चार शब्द लिहिताना हे आम्हांस प्रथम सांगावेसे वाटते. कारण कोणत्याही प्रश्नात न पडण्याला ‘तटस्थता’ हे भारदस्त नाव देण्याची सवय हल्ली आपणां सर्वांनाच जडत चालली आहे.

धर्मापासून आरंभ करू. आचार्य उमास्वामींनी, ज्यांना श्वेतांबर परंपरा उमास्वाती म्हणते, तत्त्वार्थसूत्रात चार भावना सांगितल्या आहेत : सर्व जीवांविषयी मैत्री, गुणीजनांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी कारुण्य आणि हिताची शिकवण घेण्यास जे राजीच नाहीत त्यांच्याविषयी माध्यस्थ्य. यातील मर्म सूक्ष्म आहे. माध्यस्थ्य सांगितले आहे ते दुराग्रही माणसाविषयीही मनात राग-द्वेष उत्पन्न होऊ नयेत म्हणून. दुःखितापुढे माध्यस्थ्य सांगितलेले नाही. तेथे कारुण्यच सांगितले आहे. जेथे कारुण्य द्यावयाचे तेथे माध्यस्थ्य पुढे करणे, हा धर्म नव्हे, पळवाट आहे.

अनेकान्ताचीही अशीच गफलत होते. ‘सगळेच खरे’ म्हणून मोकळे होणे म्हणजे अनेकान्त नव्हे. वस्तूला अनेक बाजू आहेत, म्हणून दुसऱ्याला दिसलेली बाजू समजून घेण्याचे कष्ट करावयाचे, हा त्याचा अर्थ. आचार्य हरिभद्रसूरींनी तर आपल्या व परक्या, दोन्ही मतांना युक्तीची एकच कसोटी लावण्याची भूमिका घेतली. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेतही हेच तत्त्व निराळ्या भाषेत आढळते. पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकास आपला धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. आणि एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणावर कर लादता येणार नाही, असे सत्ताविसाव्याने बजावले. राज्याने धर्माकडे पाठ फिरवावी असा याचा अर्थ नाही. सर्वांना एकच माप लावावे, एवढाच आहे.

आता घरातल्या गोष्टीकडे वळतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पेठेतील एका पेढीवरचे दोन सख्खे भाऊ विभक्त झाले. धाकटा आपल्या हिश्श्याचा हिशेब घेऊन आम्हां मंडळींकडे आला. थोरला वजनदार, प्रत्येक कार्यात सढळ हाताने वर्गणी देणारा. आम्ही म्हणालो, “घरच्या भांडणात आम्ही पडत नाही, आम्हांला दोघेही सारखेच.” दुकानाच्या किल्ल्या आणि खतावण्या थोरल्याकडे होत्या, त्याला थांबणे परवडत होते. दोन दिवाळ्या गेल्या. धाकट्याची पत संपली आणि त्याच पेठेत दुसऱ्याच्या गादीवर तो मुनीम म्हणून बसला. पुढे वह्या उघडल्या तेव्हा त्याचा हिशेब पैशापैशाने खरा निघाला. क्षमापनेच्या दिवशी आम्ही त्याच्यापुढे हात जोडले. त्याने क्षमाही केली. परंतु क्षमेने गेलेली पत परत येत नाही. आमचे मौन कोणत्या पारड्यात पडले होते, हे आम्हांस तेव्हा कळले.

मध्यस्थाने काय करावे, हे १९९६ च्या लवाद व समेट अधिनियमात स्पष्ट सांगितले आहे. ज्याला लवाद नेमावयाचे त्याने पक्षकारांशी असलेले आपले नाते वा हितसंबंध आधी लेखी उघड करावेत, असे बारावे कलम सांगते. दोन्ही पक्षांस समान वागणूक आणि बाजू मांडण्याची पूर्ण संधी द्यावी, असे अठरावे. आम्ही यांपैकी काहीच केले नव्हते.

तिसरे क्षेत्र नवे आहे, पण प्रश्न जुनाच. आज भाव कळतो, मागणी येते आणि पैसा चुकता होतो तो इंटरनेटवर. ती वाट ज्या दूरसंचार कंपन्यांच्या हातात आहे, त्या बाजारातील तोलाराच्या जागी आहेत. तोलारानेच एखाद्या धनिक अडत्याशी संधान बांधले, तर लहान दुकानदाराने कोणाकडे पाहावे? २०१५ साली फेसबुकने काही निवडक संकेतस्थळे फुकट दाखविण्याची ‘फ्री बेसिक्स’ ही योजना भारतात पुढे केली. गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळालेले बरे, असा तिचा युक्तिवाद होता आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. परंतु फुकटाच्या दारातून कोणाचे दुकान दिसावे, हे दार बांधणाराच ठरविणार होता. लाखो नागरिकांनी आपली मते दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे धाडली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने नियम केला, की मजकूर पाहून दर कमीअधिक करता येणार नाहीत. मोडल्यास दररोज ५० हजार रुपये, कमाल ५० लाखांपर्यंत दंड. सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी मात्र दर उतरविण्यास मुभा ठेवली. माध्यस्थ्याच्या शेजारी कारुण्याला जागा राहिली ती अशी.

असा काटा एकदा लावला म्हणजे कायम सरळ राहतो, असेही नाही. अमेरिकेत २०१५ साली झालेले असेच नियम २०१७ मध्ये मागे घेतले गेले, २०२४ मध्ये पुन्हा आले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते रद्द केले.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत घेण्याचे माप एक व देण्याचे माप दुसरे ठेवणे हाही एक आहे. खोटे माप म्हणजे चोरीच, हे आपल्या पूर्वजांनी गादीवर बसून पाळले. तोच नियम आता न्यायनिवाड्यालाही लावावा, एवढीच आमची सभासद बंधुभगिनींस विनंती आहे. यापुढे कोणी सभासद तंटा घेऊन आला, तर निवाड्यास बसणाऱ्याने आपले नाते आधी बोलून दाखवावे, दोन्ही वह्या एकाच दिवशी मागवाव्यात आणि ज्याला थांबणे परवडत नाही त्याचे म्हणणे आधी ऐकावे. त्या धाकट्या भावाचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.