ओट्याखाली लोंबणारी वायर

अमेरिकेत मुलीच्या नव्या घरी स्वयंपाकघराच्या मधोमध ऐसपैस ओटा आहे. तिकडे त्याला 'आयलंड' म्हणतात. सकाळी चहाची विजेची किटली लावायला गेलो, तर चारही बाजूंना प्लगचा पॉइंट नाही! मी कुरकुरलो. मुलगी म्हणाली, "बाबा, नियमच बदललाय."

तिथली विद्युत संहिता १८९७ पासूनची. दर ३ वर्षांनी तिची नवी आवृत्ती निघते आणि राज्ये आपापल्या सवडीने ती स्वीकारतात. २०२०च्या आवृत्तीत अशा ओट्याला पहिल्या ९ चौरस फुटांसाठी एक पॉइंट सक्तीचा होता. तो कडेला, माथ्याखाली १२ इंचांपर्यंत चाले. २०२३मध्ये सक्ती गेली आणि कडेचा पॉइंटही गेला. हवा असेल तर ओट्याच्या वर किंवा माथ्यातच बसवायचा. नको असेल तर पुढेमागे बसवता येईल एवढी सोय ठेवायची.

कारण साधे आहे. कडेच्या पॉइंटमधली वायर काठावरून खाली लोंबते. रांगते मूल ती धरून उठू पाहते आणि वरचे उकळते भांडे त्याच्या अंगावर येते.

बँकेत असताना आम्ही परिपत्रकांना नावे ठेवत असू. नंतर उमगायचे, एकेका कलमामागे कुठेतरी कुणीतरी बुडालेला असतो. इथे तर कुणाकुणाची मुले भाजली होती.

दीड वर्षाचा नातू ओट्याला धरून उभाच होता. मी मुकाट्याने किटली भिंतीकडे नेली.

पुण्याला परतल्यावर जेवणाच्या टेबलावरून लोंबणारी आमची वायर आधी काढली. तिच्यासाठी कुणाच्या नियमाची वाट कशाला पाहायची?