गोठलेली, पण बर्फाविना

पर्माफ्रॉस्ट (कायम गोठलेली जमीन) म्हटले की बर्फाची लादी डोळ्यांपुढे येते. व्याख्येत मात्र बर्फाची अटच नाही. सलग किमान दोन वर्षे शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहिलेली माती वा खडक म्हणजे पर्माफ्रॉस्ट. अंटार्क्टिकातील मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांत काही ठिकाणी तर ही जमीन भुसभुशीत, जवळपास निर्जल असते.

तिथल्या भेगांचे जाळे वसमतच्या शेतकऱ्याला ओळखीचे वाटेल. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडते, तसेच बहुकोनी. कारण निराळे: आपली माती सुकून आकसते, तिकडची जमीन कडाक्याच्या थंडीने. आपल्या भेगा पावसाळ्यात मिटतात. तिकडे त्यांत वाऱ्याने आलेली वाळू उतरते, पुन्हा तिथेच तडा जातो आणि वाळूची पाचर शतकानुशतके रुंदावत राहते.