ओढ्यातील दगडांवरील शैवालथर आणि कीटक-अळ्यांची वस्ती

वाहत्या ओढ्यातील दगड हा अनेक जलकीटकांच्या अळ्यांचा निवारा असतो. प्रवाहाबरोबर वाहत आलेली अळी एखाद्या दगडावर स्थिरावते की पुन्हा वाहून जाते, हे पाण्याच्या वेगाप्रमाणेच त्या दगडावर काय वाढले आहे यावरही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या संबंधाचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

पाण्यातील दगडावर काही दिवसांतच जीवाणू, डायाटम शैवाले व त्यांनी स्रवलेला चिकट पदार्थ यांचा पातळ थर तयार होतो. दगड खरवडून खाणाऱ्या मे-माशी व कॅडिस-माशीच्या अळ्यांचे हे अन्नच होय. मात्र हा थर जाड व तंतुमय झाला की परिस्थिती पालटते. सिम्युलियम या काळ्या माशीची अळी दगडावर रेशमाची लहानशी गादी चिकटवते, तिच्यात शरीराच्या मागील टोकाचे सूक्ष्म आकडे रोवते आणि डोक्यावरील पंख्यांनी वाहते अन्नकण गाळून घेते. त्यासाठी तिला स्वच्छ, घट्ट पृष्ठभाग व वेगवान प्रवाह आवश्यक असतो. शैवालतंतूंच्या दाटीत हे दोन्ही दुर्मीळ होतात. याउलट कायरोनोमिड अळ्या तंतूंत अडकलेल्या गाळापासून नळ्या बांधून तेथेच राहतात.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील वायाऊ नदीत २००४ साली डिडिमोस्फेनिया जेमिनाटा हे डायाटम प्रथम आढळले. त्याच्या लांब देठांची जाड चटई नदीतळावर पसरते. विशेष म्हणजे ही वाढ फॉस्फरस अत्यल्प असलेल्या पाण्यात होते. तेथील अभ्यासांत अशा चटईत अपृष्ठवंशीय प्राण्यांची एकूण संख्या वाढलेली दिसली. परंतु ही वाढ प्रामुख्याने कायरोनोमिड अळ्या व कृमी यांची होती. मे-माशी व कॅडिस-माशी यांचे प्रमाण मात्र घटले.

यातून अध्यापकांनी घ्यावयाचा बोध महत्त्वाचा आहे. क्षेत्रभेटीत विद्यार्थी दगडांवरील अळ्या मोजून पाण्याच्या शुद्धतेविषयी निष्कर्ष काढतात. मे-माशीच्या अळ्या कमी व कायरोनोमिड अधिक आढळल्यास पाणी प्रदूषित असल्याचे मानले जाते. तथापि हा फरक केवळ दगडावरील थरामुळेही पडू शकतो. म्हणून प्रत्येक दगडावरील थराची जाडी, तंतूंची लांबी व तेथील प्रवाहाचा वेग यांची नोंद अळ्यांच्या संख्येसोबत अवश्य ठेवावी आणि तुलना सारखाच थर असलेल्या दगडांची करावी. अन्यथा दगडाचा दोष पाण्याच्या माथी मारला जाण्याचा संभव आहे.