बिल्टी वाचा, मगच माल गाडीत चढवा

शेतकरी बंधूंनो, आंब्याच्या पेट्या असोत, कडवे वाल असोत की तांदळाची पोती, माल एकदा गाडीत चढला की आपण सुटलो असे वाटते. जोखीम मात्र तेथूनच सुरू होते.

महाड-पोलादपूरला मालाची ने-आण नवी नाही. पूर्वी बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने गलबते येत आणि पुढे बैलांच्या पाठीवरून माल घाटावर चढे. आता मुंबई-गोवा महामार्ग आहे, आंबेनळी घाट आहे, वीर स्टेशनवरून कोकण रेल्वे धावते. साधने बदलली, पण व्यवहारातले शब्द ठाऊक नसतील तर नुकसान आपलेच.

पहिला शब्द बिल्टी. ट्रान्सपोर्टवाले तिला एल. आर. म्हणतात. माल ताब्यात घेतल्याची ही पावती. त्यावर पाठवणारा, घेणारा, नग, वजन आणि भाडे नीट लिहून घ्या. चाळीस पेट्या दिल्या आणि बिल्टीवर अडतीस लागल्या, तर उरलेल्या दोन कोणाकडे मागणार?

भाड्यापुढे ‘पेड’ असेल तर भाडे येथेच चुकते झाले. ‘टू पे’ असेल तर माल घेणारा ते भरतो. आडत्याने भरले की तुमच्या पट्टीतून वजा होते. म्हणून भाड्याचा आकडा आपल्या वहीतही टिपून ठेवा आणि पट्टी आली की ताडून पाहा. हमाली, तोलाई, वाराई या रकमाही तपासा. फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असे राज्य शासनाने जुलै २०१६ मध्ये ठरवले आहे, हेही ध्यानात असू द्या.

‘डेमरेज’ म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा दंड. नाशवंत मालाला तर दंडापेक्षा वेळच महाग पडतो. नोटीस दिल्यावर २४ तासांत माल सोडवला नाही, तर कायद्याने तो बेवारस धरता येतो. तेव्हा घेणाऱ्याचा फोन नंबर बिल्टीवर हवाच.

आता सर्वांत महत्त्वाचे. रस्त्यावरील मालवाहतुकीचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. मालाची किंमत सांगून जादा जोखमीचा दर ठरवला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते. समजा, माल ८०,००० रुपयांचा आणि भाडे ३,००० रुपये. सगळा माल गेला तरी हक्काने मिळणार ३०,००० रुपये. पन्नास हजारांचा खड्डा तुमच्या पदरी! म्हणून मोठा माल असेल तेव्हा किंमत लिहा, जादा दर विचारा, नाहीतर विमा उतरवा.

नैसर्गिक आपत्तीत वाहतूकदाराला सूट आहे, मात्र त्याने योग्य ती काळजी घेतलेली असली पाहिजे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडींनी आंबेनळी घाट बंद पडला, हे आपण पाहिलेच आहे. पावसाळ्यात माल पाठवण्याआधी घाट चालू आहे का, एवढी चौकशी करायला काय हरकत आहे?

माल कमी भरला किंवा खराब झाला तर तोंडी तक्रारीवर थांबू नका. बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्या. त्यानंतर कोर्टाची वाट बंद होते. नोटिशीची पोच आणि बिल्टीची मूळ प्रत जपून ठेवा.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. भरलेल्या बिल्टीचा एक नमुना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. वाडीतल्या चौघांचा माल एकाच गाडीतून जात असेल, तर प्रत्येकाच्या पेटीवर वेगळी खूण आणि बिल्टीत वेगळे नग लिहायला सांगा. गाडी सुटण्यापूर्वीची ही दहा मिनिटे वर्षभराची मेहनत वाचवू शकतात.