लदलेल्या बैलांची वाट

गडचिरोली जिल्हा 1982 च्या ऑगस्टात वेगळा होण्यापूर्वी ज्याला सारेजण चांदा जिल्हा म्हणत, त्या वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती यांच्या काठच्या विस्तीर्ण अरण्यप्रदेशात सडका होण्याच्या आधी जो कोणी सामानसुमानासह प्रवास करी, मग तो मीठ विकणारा व्यापारी असो, महसूल गोळा करणारा अंमलदार असो वा लष्कराची तुकडी असो, त्याच्या प्रवासाचा वेग त्याचे ओझे वाहणाऱ्या जनावराच्या पायांवर अवलंबून असे. जनावर कोठे चरेल, कोठे पाणी पिईल आणि कोणत्या प्रहरी थकेल हे पाहूनच मुक्कामाची जागा ठरे. अरण्य पाहण्याची ही रीत आपण गमावली आहे, आणि ती पुन्हा मिळवण्याजोगी आहे असे माझे निश्चित मत असल्यामुळेच हा लेखनप्रपंच.

दूर अमेरिकेत रॉकी पर्वताच्या परिसरात हल्ली वाटाड्यासह निघणाऱ्या काही पदभ्रमणाच्या सहलींत लामा हा प्राणी बरोबर घेतात. उंटाच्या कुळातला, परंतु बिनवशिंडाचा हा प्राणी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात हजारो वर्षांपासून ओझ्यासाठी पाळला गेला, आणि इंका साम्राज्याची रसद त्याच्याच पाठीवरून चाले. तो आपल्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश, म्हणजे पंचवीस-तीस किलो, ओझे वाहतो. त्याचा पाय दोन बोटांचा आणि तळाशी गादीसारखा मऊ असल्याने पाऊलवाट फारशी उखडत नाही, आणि ओझे अवाजवी झाले तर तो सरळ खाली बसतो. तंबू, शिधा आणि भांडीकुंडी त्याच्या पाठीवर घालून माणसे हाती दोरी धरून चालतात. मोठ्या माणसाला त्याच्यावर स्वार होता येत नाही. परदेशातील ही हौस वाचून आपल्याला नवल वाटते, पण ओझ्याच्या जनावराबरोबर पायी रान तुडवण्याची विद्या ज्यांनी पूर्णत्वास नेली ते लोक आपल्याच मुलखातले होते, आणि त्यांचे वंशज आजही विदर्भाच्या तांड्यातांड्यांतून राहतात.

बैलांच्या पाठीवर माल लादून देशोदेशी हिंडण्याचा बंजाऱ्यांचा धंदा, ज्याला ते लदेणी म्हणत, हा आगगाडीपूर्व हिंदुस्थानातील वाहतुकीचा एक कणाच होता. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे एकेक काफिले वर्णिले असून, अरुंद वाटेवर असा काफिला समोरून आला म्हणजे तो सरून जाईपर्यंत प्रवाशाला कधीकधी दोन-तीन दिवस थांबून राहावे लागे, असे तो म्हणतो. मोगलांच्या दख्खन मोहिमांत धान्याची रसद पोचवणाऱ्या भंगी आणि जंगी या दोन नाइकांजवळ एक लाख ऐंशी हजार बैल होते, आणि वाटेतील गवतपाण्यावरील त्यांचा हक्क मोगल वजीर आसफखानाने ताम्रपटावर लिहून दिला होता, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. आकड्याचा आग्रह कोणी धरू नये. तथापि गवत आणि पाणी हाच ज्या व्यवसायाचा खरा परवाना, त्याची जाण त्या कथेत पूर्णपणे उतरली आहे.

या लदेणीतील एक गोष्ट मला विलक्षण मनोज्ञ वाटते. तांड्याच्या अग्रभागी एक बैल असे, ज्याच्या पाठीवर कधीही ओझे घातले जात नसे. गळ्यात घंटा आणि पितळी साखळ्या, अंगावर कवड्यांच्या माळा आणि लाल रेशमाचे गोंडे असा त्याचा साज असे, आणि चालता चालता दमून तो जेथे बसेल तेथेच त्या दिवसाचा मुक्काम पडे, असे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांनी नोंदवून ठेवले आहे. दिवसभराची मजल किती असावी याचा निर्णय ज्याने जनावराच्या थकव्यावर सोपवला, त्या समाजाला चालण्याचे मर्म कळले होते यात शंका नाही.

लादण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. बैलाच्या पाठीवर आधी जाड गादी, तिच्यावर दोन्ही अंगांना लोंबणारी गोण, आणि ती चढवायला समोरासमोर दोन माणसे. कारण दोन्ही बाजू समतोल नसल्या की जड बाजू घसरते, पाठ सोलवटते, आणि पाठ सोलवटलेला बैल पुढे कितीतरी दिवस निरुपयोगी होतो. अँडीजमधील लामाच्या पाठीवरच्या दोन थैल्यांनाही हाच नियम लागू आहे. संध्याकाळी गोणी उतरवून त्यांची रास कोटासारखी रचावी, आत माणसांनी निजावे, भोवती कुत्र्यांनी जागावे आणि धुनी पेटती ठेवावी, हा तांड्याचा शिरस्ता होता. वाघाच्या मुलखात रात्र काढण्याचा बंदोबस्त याहून साधा आणि याहून पुरा क्वचितच सापडेल.

सडका झाल्या, आगगाडी आली, आणि ही विद्या एका-दोन पिढ्यांत निरुद्योगी झाली. त्यातच 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कचाट्यात ठिकठिकाणचे बंजारे सापडले, आणि ज्यांनी सैन्ये पोसली त्यांच्यावर संशयाचा शिक्का बसला, ही आपल्या इतिहासातील अत्यंत क्लेशदायक गोष्ट होय.

आज जुन्या चांदा जिल्ह्यातून झालेल्या दोन जिल्ह्यांत अरण्य पाहायचे म्हणजे ताडोबाला जाऊन उघड्या जिप्सीत बसायचे, असेच बहुतेकांना वाटते. ताडोबाला 1955 साली राष्ट्रीय उद्यानाचा आणि 1995 साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथे बरोबर येणारा गाइड बहुधा आसपासच्याच गावचा असतो आणि त्याची नजर वाखाणण्याजोगी असते. परंतु गाभाक्षेत्रात पर्यटकाने पायी चालण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. गडचिरोलीत अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे वनखात्याचे हत्ती आहेत. लाकडाचे ओंडके ओढण्यासाठी पाळलेल्या हत्तींचा हा तळ राज्यातील एकमेव शासकीय हत्ती कॅम्प म्हणून प्रसिद्ध आहे, आणि माहूत व चाराकटर यांचे त्यांच्याशी असलेले नाते पाहणे हे स्वतःच एक शिक्षण आहे. हत्तीवर बसून हिंडण्यापेक्षा त्याच्या शेजारी उभे राहून तो किती आणि काय खातो हे पाहावे, असे मी आवर्जून सांगेन.

पायी भ्रमंतीसाठी मात्र गावांचे रान मोकळे आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला 2009 साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पुढे जिल्ह्यातील शेकडो गावांनी तो मिळवला. अशा ग्रामसभांनी आपल्या हद्दीत, आपल्या तरुणांना वाटाडे नेमून, लहान चणीच्या कठाणी बैलावर शिधा आणि अंथरूण घालून लोकांना हिंडवावे. हा बैल येथल्याच धानाच्या चिखलात राबणारा असून, त्याच्या जातीला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र मान्यताही मिळाली आहे. ओझे लदेणीतील ओझ्याच्या निम्म्याहून अधिक नसावे, चालणे दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतच असावे, कारण पुढे पारा पंचेचाळीस अंशांच्याही वर जातो. आणि वाघाच्या रानात उघड्यावर तंबू न ठोकता रात्रीचा मुक्काम गावातच करावा. वनखात्याने यासाठी सुटसुटीत नियमावली करून द्यावी, लदेणीची आठवण असलेल्या तांड्यांतील वृद्धांना लादण्याची रीत शिकवण्यासाठी मानाने बोलवावे, आणि वाचकांनी येत्या हिवाळ्यात ताडोबाचे तिकीट काढण्यापूर्वी गडचिरोलीच्या एखाद्या ग्रामसभेला पत्र लिहून असा प्रवास मागावा; मागणाऱ्यांची संख्या दिसली तर ही गावे तजवीज करतील.