पोर्तुगीज आफ्रिका : कवितेच्या वहीतून मुक्तिलढ्याकडे

विसाव्या शतकातील वसाहतविरोधी लढ्यांत लेखक आणि राजकीय कार्यकर्ता या दोन भूमिका अनेकदा एकाच व्यक्तीकडे आलेल्या दिसतात. सेनेगलचे सेंघोर कवी होते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. मार्तिनिकचे एमे सेझेर कवी होते आणि दीर्घकाळ फ्रेंच संसदेचे सदस्यही होते. परंतु साहित्य आणि राजकारण यांची वीण सर्वाधिक घट्ट बसली ती पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींत, म्हणजे अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्द आणि साओ तोमे या प्रदेशांत. तेथील मुक्तिसंघटनांचे अनेक संस्थापक पक्ष काढण्यापूर्वी एकमेकांच्या कविता वाचत होते, त्यांची टिपणे करीत होते आणि त्या सायक्लोस्टाइल करून वाटत होते. याचे कारण त्यांच्या प्रतिभेत जितके आहे, तितकेच ते ज्या राजवटीखाली वाढले तिच्या स्वरूपात आहे.

आंतोनियु सालाझार १९३२ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान झाले आणि १९६८ पर्यंत सत्तेवर राहिले. ‘एस्तादु नोव्हु’ म्हणजे ‘नवे राज्य’ असे नाव घेतलेल्या या हुकूमशाहीत विरोधी पक्षांना वाव नव्हता, वृत्तपत्रे छापण्यापूर्वी तपासली जात आणि १९४५ पासून ‘पीद’ हे राजकीय पोलीसदल नागरिकांवर पाळत ठेवीत असे. वसाहतींत याच्या जोडीला कायद्यानेच केलेली माणसांची विभागणी होती. बहुसंख्य आफ्रिकी लोक ‘इंदिजेना’ ठरवले जात आणि त्यांना सक्तीची मजुरी करावी लागे. पोर्तुगीज लिहिता-वाचता येणारे आणि युरोपीय राहणी स्वीकारलेले मोजके लोक ‘असिमिलादु’, म्हणजे ‘आत्मसात झालेले’, मानले जात. १९५० च्या सुमारास अंगोलात अशा लोकांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. पुढच्याच वर्षी पोर्तुगालने घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असे नवे नाव दिले आणि आपल्याकडे वसाहतीच नाहीत, असा दावा जगापुढे मांडण्यास सुरुवात केली. जेथे सभा, संघटना आणि वृत्तपत्र हे तिन्ही मार्ग बंद होते, तेथे कविता आणि कथा यांनाच विधिमंडळाचे आणि संपादकीयाचे काम करावे लागले.

या घडामोडीचे केंद्र साम्राज्याच्या राजधानीतच होते, हा इतिहासाचा एक उपरोध म्हणावा लागेल. वसाहतींमध्ये विद्यापीठे नसल्यामुळे उच्च शिक्षणासाठी लिस्बन किंवा कोइंब्रा गाठणे भाग असे. अशा विद्यार्थ्यांवर साम्राज्यनिष्ठेचे संस्कार व्हावेत, या हेतूने राजवटीच्या आश्रयाखाली १९४४ मध्ये लिस्बनला ‘साम्राज्याच्या विद्यार्थ्यांचे घर’ ही संस्था स्थापन झाली. परंतु वेगवेगळ्या वसाहतींतील तरुण तेथे एका छताखाली आले तेव्हा आपले अनुभव सारखेच आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. वैद्यकाचे विद्यार्थी आगुस्तिन्यु नेटु, कृषिशास्त्राचे विद्यार्थी आमिल्कार काब्राल आणि भाषाभ्यासक मारियु पिंटु द आंद्राद ही याच वर्तुळातील मंडळी होती. संस्थेच्या ‘मेन्साजें’ या नियतकालिकातून आणि तिने काढलेल्या काव्यसंग्रहांतून एक नवी पिढी लिहू लागली. अखेरीस १९६५ मध्ये पोलिसांनी ही संस्था बंद केली, तोवर तिच्यातून बाहेर पडलेले अनेक जण सशस्त्र लढ्याचे नेतृत्व करीत होते.

वसाहतींतही समांतर हालचाल सुरू होती. लुआंडात १९४८ मध्ये व्हिरियातु दा क्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘चला, अंगोलाचा शोध घेऊ’ अशी हाक दिली. पोर्तुगालच्या नद्या आणि राजे पाठ असलेल्या सुशिक्षितांनी आपल्याच वस्त्या, बाजार आणि लोकगीते यांच्याकडे वळावे, असा तिचा आशय होता. मोझांबिकमध्ये नोएमिया द सोझा यांनी १९४८ ते १९५१ या अल्पकाळात लिहिलेल्या कविता पुस्तकरूपाने छापल्या न जाता प्रतींवरून प्रती काढून हातोहात फिरल्या. १९५३ मध्ये आंद्राद आणि साओ तोमेचे कवी फ्रान्सिस्कु जुझे तेन्रैरु यांनी पोर्तुगीजमधील कृष्णवर्णीय कवितेची एक छोटी वही लिस्बनमध्ये प्रसिद्ध केली. तीत अंगोला, मोझांबिक आणि साओ तोमे येथील कवी प्रथमच शेजारी-शेजारी आले. राजकीय आघाडी प्रत्यक्षात येण्याच्या आठ वर्षे आधी तिचा आराखडा या वहीत तयार झाला होता, असे म्हणता येते.

ती आघाडी १९६१ च्या एप्रिलमध्ये मोरोक्कोतील कासाब्लांका येथे स्थापन झाली आणि तिचा गोव्याशी थेट संबंध होता. पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांच्या या परिषदेत आफ्रिकी पक्षांबरोबर गोव्याचे प्रतिनिधीही होते. तिचे सरचिटणीस मार्सेलिनु दुश सांतुश हे स्वतः ‘कालुंगानु’ या टोपणनावाने कविता लिहीत. बार्देशात जन्मलेले पत्रकार आणि अभ्यासक आकिनु द ब्रागांसा या चळवळीशी निगडित राहिले आणि पुढे स्वतंत्र मोझांबिकमध्ये कार्यरत असताना १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्यासह विमान-अपघातात मरण पावले. मडगावात वाढलेले ओर्लांदु द कोश्ता लिस्बनच्या त्याच विद्यार्थिगृहाशी जोडलेले होते, आणि त्यांची १९६१ मधील पोर्तुगीज कादंबरी गोव्यातील कुणबी शेतमजुरांच्या जीवनावर आहे. गोवा मुक्तिसंग्रामातील मोहन रानडे यांनी पोर्तुगालच्या काशियास तुरुंगात कारावास भोगला, तो गोवा मुक्त झाल्यानंतरही १९६९ पर्यंत चालू राहिला. गोव्याचा लढा मराठी वाचक सहसा भारतीय स्वातंत्र्याचा शेवटचा अध्याय म्हणून वाचतात. तो एका आफ्रिकी-आशियाई लढ्याचा आरंभीचा अध्यायही होता.

१९६१ मध्ये अंगोलात, १९६३ मध्ये गिनी-बिसाऊत आणि १९६४ मध्ये मोझांबिकमध्ये सशस्त्र संघर्ष सुरू झाला. राज्यकर्त्यांना साहित्याचे महत्त्व किती कळले होते, हे त्यांनी केलेल्या शिक्षांवरून दिसते. मोझांबिकचे कवी जुझे क्रावैरिन्या आणि कथाकार लुईश बर्नार्दु ओन्वाना हे दोघेही तुरुंगात गेले. सर्वांत बोलका प्रसंग जुझे लुआंदिनु व्हिएरा यांचा आहे. पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या आणि लुआंडाच्या गरीब वस्त्यांत वाढलेल्या या गोऱ्या लेखकाला १९६१ मध्ये अटक झाली आणि चौदा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. वस्तीतील किम्बुंदु भाषेच्या वळणाने पोर्तुगीज वाकवून लिहिलेल्या त्यांच्या ‘लुआंडा’ या कथासंग्रहाला १९६५ मध्ये पोर्तुगीज लेखकसंघाने पुरस्कार दिला, तेव्हा लेखक केप व्हर्दमधील ताराफाल येथील छावणीत बंदिवान होते. सरकारने तो लेखकसंघच बरखास्त केला आणि परीक्षकांपैकी काहींना अटक केली.

या अनुभवाला सिद्धांताचे रूप दिले ते गिनी-बिसाऊच्या मुक्तिलढ्याचे नेते काब्राल यांनी. १९७० मध्ये अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले की, परकी सत्ता टिकण्यासाठी जित समाजाचे सांस्कृतिक जीवन दडपावेच लागते आणि म्हणून मुक्तिलढा ही मुळातच एक सांस्कृतिक कृती ठरते. येथे संस्कृती म्हणजे गतवैभवाचे गुणगान नव्हे. समाजातील जाचक रूढींचीही चिकित्सा झाली पाहिजे, असे ते बजावीत. पोर्तुगीज भाषा टाकून देण्याच्या आग्रहालाही त्यांचा विरोध होता, कारण विज्ञान आणि बाहेरचे जग यांच्याशी संबंध ठेवण्यासाठी ते हाताशी असलेले साधन आहे, असे त्यांचे मत होते.

या साहित्याच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. बहुसंख्य जनता निरक्षर असल्यामुळे छापील कविता मूठभरांपर्यंतच पोहोचत असे, आणि तिने शेतकऱ्याला लढ्यात आणले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सक्तीची मजुरी, सक्तीचे कापूस-पीक आणि जमिनीची लूट यांनी ते काम केले. कवितेने केले ते निराळे आणि तरीही मोलाचे काम होते. सवलती मिळालेल्या ‘असिमिलादु’ तरुणाला तिने आपल्या माणसांकडे परत वळवले आणि ज्यांचे प्रदेश हजारो मैलांनी दूर होते, अशा तरुणांना एका ध्येयाने बांधले. साक्षरतेची उणीव मुक्तिसंघटनांनाही ठाऊक होती, म्हणूनच गिनी-बिसाऊच्या मुक्त केलेल्या भागांत युद्ध चालू असतानाच शाळा काढल्या गेल्या.

काब्राल यांची जानेवारी १९७३ मध्ये कोनाक्री येथे हत्या झाली. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमधील लष्करी बंडाने हुकूमशाही कोसळली आणि पुढच्या दीड वर्षात वसाहती स्वतंत्र झाल्या. काब्राल यांची रचना गिनी-बिसाऊचे राष्ट्रगीत झाली, कवयित्री आल्दा दु एस्पिरितु सांतु यांची रचना साओ तोमेचे, आणि नेटु अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. तथापि कवी सत्तेवर आला म्हणून सत्ता सौम्य होत नाही. व्हिरियातु दा क्रुझ नेटु यांच्या पक्षातून दुरावून १९७३ मध्येच बीजिंगला मरण पावले होते. त्याच पक्षाचे माजी अध्यक्ष आंद्राद यांना परदेशात राहावे लागले. आणि मे १९७७ मधील फसलेल्या उठावानंतर नेटु यांच्या राजवटीत हजारो लोक मारले गेले.

या काळात साहित्याने आपला मूळ धर्म सोडला नाही. जंगलातील गनिमी तुकडीत असताना अंगोलाचे लेखक पेपेतेला यांनी लिहिलेल्या ‘मायोंबे’ या कादंबरीत वर्णभेद, टोळीभेद आणि पक्षातील हुकूमशाही वृत्ती यांची परखड चर्चा आहे. ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्याच १९९२ मधील कादंबरीने लिस्बनच्या विद्यार्थिगृहात उमललेल्या स्वप्नांचा सत्ता आणि संपत्ती यांत झालेला ऱ्हास मांडला. परकीय सत्तेला प्रश्न विचारणारे साहित्य स्वकीय सत्तेलाही तेच प्रश्न विचारते की नाही, ही त्याची खरी कसोटी असते. पोर्तुगीज आफ्रिकेतील सगळे कवी या कसोटीला उतरले नाहीत. तेथील साहित्य मात्र उतरले, आणि म्हणूनच ते आजही केवळ लढ्याचे स्मारक न राहता वाचण्याजोगे राहिले आहे.